डोंगराच्या पायऱ्या



शहाद्याच्या नाहीतर तळोद्याच्या बाजारात उभे राहावे आणि उत्तरेकडे तोंड करावे. समोर लांबच लांब निळी भिंत दिसते. हा आपला सातपुडा. आपल्यापैकी कोणी त्याच्या पायथ्याशी राहतो, कोणी माथ्यावर राहतो. कोणी आठवड्याच्या बाजाराला डोंगर उतरून येतो. कोणी दिवाळीत अस्तंब्याला चढून जातो. डोंगराच्या वाटा आपल्या पायांना पाठ आहेत.

पण कधी असा विचार केला आहे का? वाट इथूनच का गेली, पलीकडून का गेली नाही? झरा याच जागी का निघाला? आणि दरड दरसाल त्याच वळणावर का कोसळते?

प्रश्न तीन आहेत. उत्तर मात्र एकच आहे, आणि ते दगडात आहे. ते आज आपण पाहू.

आधी आमची चूक

आमची निम्मी नोकरी डोंगरातल्या शाळेत गेली. त्या वेळी नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. आपला मुलूख धुळे जिल्ह्यात होता. एका श्रावणात शाळेचे कागद घेऊन आम्हाला खाली तळोद्याला जायचे होते. सोबतीला एक पावरा बाबा होते. वय साठीच्या पुढे. त्यांना अक्षर येत नव्हते.

अर्ध्या उतारावर पावसाने गाठले. वाटेच्या कडेला काळा कातळ पुढे आलेला होता. त्याच्या खाली खोपीसारखी पोकळ जागा होती. चार माणसे सहज बसतील एवढी. आम्ही म्हटले, "बाबा, पाऊस ओसरेपर्यंत इथे बसू."

बाबांनी वाकून आत पाहिले. कातळाच्या बुडातून पाणी झिरपत होते. त्यांनी ते ओंजळीत घेतले, पाहिले आणि टाकून दिले.

"इथं बसायचं नाही, गुरुजी. चला."

"का हो? चांगली कोरडी जागा आहे."

"पाणी लाल आलंय. चला म्हणतो ना."

आम्ही मनातल्या मनात चरफडलो. कागद भिजत होते. पण बाबा थांबेनात, म्हणून आम्हीही निघालो. पाव तास चाललो असू. मागे मोठा आवाज झाला. आम्हाला वाटले, वीज पडली. दोन दिवसांनी त्याच वाटेने वर आलो, तेव्हा ती खोप जागेवर नव्हतीच. तिथे बैलाएवढे धोंडे पडले होते.

आम्ही बाबांना विचारले, "तुम्हाला कसे कळले?"

ते म्हणाले, "आदल्या खेपेला हेच पाणी निवळ होतं. त्या दिवशी लाल आलं. आतली माती निघून चालली, मग वरचा दगड राहील कशावर?"

आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर 'अग्निजन्य खडक' असे शब्द लिहीत होतो. मुलांकडून ते पाठ करून घेत होतो. पण तोच खडक आमच्या डोक्यावर होता, तेव्हा आम्हाला तो ओळखता आला नाही. त्या दिवसापासून आम्ही पुस्तकातले ज्ञान आणि बाबांचे ज्ञान एकमेकांशी ताडून पाहू लागलो. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. तीच आता तुम्हाला सांगतो.

सातपुडा कोठे आहे

सातपुडा सुमारे ९०० किलोमीटर लांब आहे. गुजरातच्या बाजूने तो सुरू होतो आणि पूर्वेकडे मध्य प्रदेशात दूरवर जातो. त्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड. ते मध्य प्रदेशात पचमढीजवळ आहे. उंची १,३५० मीटर. आपल्या अस्तंब्याची उंची सुमारे १,३२५ मीटर आहे. म्हणजे आपले शिखर त्याच्यापेक्षा थोडेच कमी भरते. फुटांत सांगायचे तर अस्तंबा ४,३०० फुटांहून उंच आहे.

सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदा वाहते. दक्षिणेला तापी वाहते. माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. धडगावकडून उदई नदी उत्तरेला नर्मदेकडे जाते. शहाद्याकडची गोमाई दक्षिणेला येते आणि प्रकाशे येथे तापीला मिळते. पुढे नर्मदा भडोचजवळ आणि तापी सुरतजवळ समुद्राला मिळते. एकाच डोंगराचे पाणी, एकाच समुद्राला जाते, पण मधे एवढा डोंगर आडवा!

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याचे तालुके सहा. त्यांपैकी अक्राणी तालुका जवळजवळ सगळा डोंगरात आहे. अक्कलकुवा, तळोदा आणि शहादा या तालुक्यांचा उत्तरेकडचा भागही डोंगरात येतो.

हा दगड आला कोठून?

सातपुड्याचा काळा दगड एके काळी पातळ होता. आगीसारखा तापलेला होता. खोटे वाटेल, पण खरे आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. आपण शंभर वर्षांना फार मोठा काळ म्हणतो. अशी शंभर वर्षे ६ लाख ६० हजार वेळा मोजली म्हणजे आपण त्या काळापर्यंत पोहोचू.

त्या काळी जमिनीला लांब लांब भेगा पडल्या. भेगांतून तापलेला रस वर आला आणि पसरला. त्या रसाला लाव्हा म्हणतात. तो मैलोगणती पसरला आणि थिजून दगड झाला. मग काही काळ गेला. पुन्हा रस आला, आधीच्या थरावर पसरला आणि थिजला. असे पुष्कळ वेळा झाले. थरावर थर चढले. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या प्रांतांचा काही भाग मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाचा आहे.

शहाद्याकडे उसाचे पीक आहे. गुळाचे गुऱ्हाळ तुम्ही पाहिले असेल. काहिलीतला कढत रस वाफ्यात ओतला की काय होते? वर बुडबुडे येतात. वरचा भाग जाळीदार होतो. तळाचा भाग मात्र दाट आणि घट्ट बसतो. लाव्ह्याचेही तसेच झाले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, काळा, टणक झाला. घण मारला तरी ठिणगी उडते. वरच्या भागात बुडबुड्यांची भोके राहिली. हा दगड नरम असतो. पुढे या भोकांत पाणी मुरले आणि त्यातून पांढरे खडे तयार झाले. नांगरताना किंवा विहीर खणताना जे पांढरे चकाकणारे खडे आणि गारगोट्या सापडतात, त्या पुष्कळदा याच भोकांतल्या असतात.

दोन थरांच्या मध्ये कधी कधी मोठा काळ गेला. तेवढ्या काळात आधीच्या थराची माती झाली. त्या मातीवर पुढचा तापता रस आला, आणि माती भाजून निघाली. वीट भाजल्यावर लाल होते ना? तशीच ही माती लाल झाली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे पाहा. काळ्या दगडांच्या मधून लाल पट्टा गेलेला दिसेल. तीच ही भाजलेली माती.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. घट्ट काळा कातळ, जाळीदार नरम दगड, आणि लाल माती. सातपुडा या तिघांच्या थरांनी रचलेला आहे. एक थर कोठे तीन पुरुष जाडीचा असतो, कोठे पंधरा-वीस पुरुष.

डोंगर पायऱ्यांचा का दिसतो?

ऊन, वारा आणि पाऊस डोंगराला रोज झिजवतात. नरम थर लवकर झिजतो. घट्ट थर टिकून राहतो. म्हणून नरम थराच्या जागी उतार किंवा सपाटी होते, आणि घट्ट थराच्या जागी उभा कडा राहतो. कडा, सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. लांबून पाहिले तर जिना वाटतो.

परदेशांतल्या विद्वानांनाही हेच दिसले. स्वीडन देशाच्या भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी या दगडाला 'ट्रॅप' असे नाव दिले. दख्खनमध्ये पसरला म्हणून 'दख्खनचा ट्रॅप'. आपल्याकडे तोरणमाळला जाताना सातपायरी घाट लागतो. पायरी हा शब्द आपल्या घाटालाही किती शोभतो पाहा.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. वाट इथूनच का गेली? आपल्या वाडवडिलांनी कड्याला टक्कर दिली नाही. ते नरम थराच्या सपाटीवरून आडवे चालत गेले. कड्यात जिथे घळ सापडली, तिथून एक पायरी वर चढले. मग पुन्हा आडवे गेले. डोंगरातली जुनी वाट ही अशी असते. आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. बाई डोक्यावर मोळी घेऊन चढते, ती याच वाटेने.

झरा आणि दरड, एकाच जागी

आता दुसरा प्रश्न. पावसाचे पाणी घट्ट कातळाच्या चिरांतून खाली उतरते. उतरता उतरता लाल मातीचा थर लागतो. ही माती चिकण असते. ती पाण्याला सहजासहजी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवे चालते आणि डोंगराच्या अंगातून बाहेर पडते. तोच झरा. म्हणून झरा शोधायचा असेल तर उंच कड्यावर पाहू नये. कड्याच्या बुडाशी, लाल पट्ट्याच्या वरच्या कडेला पाहावे. तिथे उन्हाळ्यातही हिरवळ असते. उंबरासारखे झाड असते. जनावरांच्या पायवाटाही तिथेच जमतात.

तिसरा प्रश्न याच जागेचा आहे. लाल माती भिजली की फुगते, मऊ होते आणि निसरडी होते. जोराच्या पावसात ती पाण्याबरोबर वाहू लागते. खालचा आधार गेला की वरचा कातळ चिरांच्या रेषेत सुटतो आणि कोसळतो. हीच दरड.

नीट पाहा. झरा निघतो तो लाल थरापाशी. वाट जाते ती लाल थराजवळच्या सपाटीवरून. आणि दरड कोसळते तीही तिथेच. तहानलेला माणूस जिथे टेकतो, नेमका तिथेच धोका असतो. बाबांनी ओंजळीत पाणी घेऊन जे पाहिले ते हेच.

हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हे. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड पडून रस्ता बंद झाला. गाडी जाईना. आजारी माणसाला खांद्यावर घेऊन चालावे लागले, आणि दवाखाना गाठण्यापूर्वी जीव गेला. डोंगरातल्या माणसाला घाट म्हणजे दवाखाना, घाट म्हणजे बाजार, घाट म्हणजे शाळा. घाट बंद झाला की सगळेच बंद होते. म्हणून दगडाची ओळख ही आपल्या जिवाशी निगडित गोष्ट आहे.

शिवारातल्या काळ्या भिंती

नंदुरबारहून धुळ्याकडे जाताना शेतांच्या मधून काळ्या दगडांच्या अरुंद, लांब टेकड्या दिसतात. जणू कोणी मोठ्या राजाने कोट बांधून मध्येच सोडून दिला! पण त्या कोणी बांधलेल्या नाहीत. लाव्हा ज्या भेगांतून वर येत होता, त्या भेगांतच शेवटी तो थिजला. भोवतालची जमीन झिजून गेली, आणि भेगेतला घट्ट दगड भिंतीसारखा उभा राहिला.

नंदुरबार आणि धुळे या भागांतल्या या भिंती जाणत्या लोकांत प्रसिद्ध आहेत. अभ्यासकांनी दोनशेच्या आसपास मोठ्या भिंती तपासल्या आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम जातात. सर्वांत लांब भिंत ८० किलोमीटरच्या आसपास भरते. काही भिंतींत दगडांचे आडवे खांब एकावर एक दिसतात, सरपण रचल्यासारखे.

शेतकऱ्याने ही भिंत ओळखावी. ती जमिनीच्या खालीही खोल गेलेली असते. जमिनीखालून वाहणारे पाणी पुष्कळदा तिच्याशी अडते. बांध घातल्यासारखे. मग भिंतीच्या वरच्या बाजूच्या विहिरीला पाणी बरे लागते आणि खालच्या बाजूची कोरडी जाते. पण भिंतीला चिरा असल्या तर पाणी त्यांतून निघूनही जाते. म्हणून विहिरीवर पैसा घालण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण खात्याच्या माणसाला जागा दाखवावी. नुसत्या अंदाजावर कर्ज काढू नये.

पायथ्याची गोष्ट

सातपुडा दक्षिणेकडून एकदम भिंतीसारखा का उठतो? लाव्हा थिजल्यावर जमिनीला पूर्व-पश्चिम मोठ्या भेगा गेल्या. भेगांच्या मधला पट्टा वर राहिला. बाजूचे पट्टे खचले. वर राहिला तो सातपुडा. खचलेल्या पट्ट्यांत नर्मदा आणि तापी वाहू लागल्या.

डोंगरावरून नद्या-नाल्यांनी दगडगोटे, वाळू आणि माती खाली आणली. ती पायथ्याशी साचली. शहादा आणि तळोद्याची काळी कसदार जमीन ही अशी डोंगराची देणगी आहे. पायथ्याच्या दगडगोट्यांत पाणी चांगले मुरते. वर डोंगरावर झाड राहिले आणि पाणी अडले, तर खाली विहीर भरते. डोंगर आणि सपाटी यांचे हे नाते आहे.

भेगा अजून खोल आहेत. शहादा तालुक्यात उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. भेगेतून पाणी फार खोल जाते, तिथे तापते आणि पुन्हा वर येते. खालची जमीन तापलेली आहे, तिची ही खूण.

तीन वाटा

आता आपल्या तीन वाटा पाहू.

पहिली वाट अस्तंब्याची. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला हजारो लोक अस्तंब्याला जातात. महाभारतातला अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन येथे फिरतो आणि तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. तळोद्याकडून जाणारी वाट कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा अशी टप्प्याटप्प्याने चढते. धडगावच्या बाजूनेही लोक येतात. सपाटीपासून शिखरापर्यंत १,१०० मीटरांहून अधिक चढ आहे. एवढ्या चढात किती थर लागतात ते मोजत जा. शेवटचा चढ अगदी उभा आहे. तिथे दगड सुटे असतात. वरचा माणूस पाय टाकतो आणि धोंडा खालच्याच्या अंगावर येतो. म्हणून एकाच्या नेमके खाली दुसऱ्याने चालू नये. रात्री चढताना तर हे फार सांभाळावे.

परतीचीही काळजी हवी. २०२५ च्या ऑक्टोबरात अस्तंब्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंची गाडी चांदसैली घाटात उलटली आणि काही जण दगावले. दोन दिवस चालून माणूस थकलेला असतो. मिळेल त्या गाडीत दाटीवाटीने चढतो. पायांनी डोंगर सांभाळला आणि गाडीने घात केला, असे होऊ देऊ नये.

दुसरी वाट तोरणमाळची. शहादा, म्हसावद, राणीपूर, काळापाणी अशी ती जाते आणि सातपायरी घाटाने वर चढते. माथा समुद्रापासून १,००० मीटरांहून उंच आहे, आणि तरी सपाट आहे. डोंगराच्या डोक्यावर एवढी सपाटी कशी? वरचा घट्ट थर झाकणासारखा टिकून राहिला, म्हणून. त्या सपाटीवर यशवंत तलाव आहे. गोरखनाथाचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि कितीतरी लोक पायी येतात. यात्रा झाली की सीताखाईच्या कड्यापाशी जा. कडेला न जाता मागे उभे राहा आणि समोरच्या कड्यावरचे थर बोटाने मोजा. आमच्या पाठातले सगळे तिथे एका नजरेत दिसते.

तिसरी वाट नर्मदेची. धडगाव आणि मोलगीच्या बाजूने डोंगर उतरून लोक नर्मदेवर जात. नदीकाठाने गावोगावच्या वाटा होत्या. सरदार सरोवर धरण झाले. त्याची उंची १३८.६८ मीटर झाली, आणि २०१७ साली दरवाजे बंद झाले. आपल्या बाजूची ३३ गावे बुडिताखाली आली. कोणाची घरे गेली, कोणाची शेते गेली. काठाच्या जुन्या वाटाही पाण्याखाली गेल्या. जिथे माणूस चालत जाई, तिथे आता होडी लागते. पाणी ओसरले की काठावर खोल गाळ राहतो. वरून तो वाळलेला दिसतो, पण आत पाय रुततो. गुरे अडकतात. गाळात काठी रोवून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. होडीतही दाटी करू नये. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत होडी उलटून माणसे बुडाली, ही आठवण ठेवावी.

चालणाऱ्याने काय पाळावे?

१. लांब चालायला दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले. आषाढ-श्रावणात काम असेल तरच घाट उतरावा, आणि दिवसाउजेडी उतरावा.

२. झऱ्याचे पाणी घ्यावे, पण कड्याखाली विसावा घेऊ नये. पाणी भरावे आणि पुढे मोकळ्या सपाटीवर जाऊन बसावे.

३. निवळ झरा एकाएकी लाल किंवा गढूळ झाला, वाहता झरा अचानक आटला, उतारावर नवी भेग दिसली, सरळ झाडे खाली कलली, किंवा बारीक खडे सारखे घरंगळू लागले, तर ती जागा लगेच सोडावी. घर त्या उताराखाली असेल तर माणसे आणि गुरे आधी हलवावी. सामान मागून आणता येते.

४. मोठ्या पावसात नाल्याच्या पात्रातून चालू नये. आपल्याकडे ऊन असले तरी माथ्यावर पाऊस झालेला असतो. पाणी सांगून येत नाही.

५. विजा चमकत असतील तर उंच टोकावर आणि एकट्या झाडाखाली थांबू नये.

६. उभ्या उतारावरची झाडे तोडू नयेत. मुळे मातीला धरून ठेवतात. झाड गेले की माती जाते, आणि माती गेली की दगड येतो.

आता तुमचे काम

ते पावरा बाबा आज नाहीत. डोंगराचे जे त्यांना ठाऊक होते, ते सगळे त्यांच्या डोक्यात होते. त्यातले थोडेसे आमच्या हाती लागले, बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. त्यांना लिहिता येत नव्हते. आम्हाला लिहिता येत होते, पण आम्ही विचारले नाही, विचारले तेही उशिरा. ही चूक आमची.

तुम्हाला डोंगर ठाऊक आहे आणि आता अक्षरही येते. म्हणून एक काम करा. आपल्या गावातल्या जुन्या माणसांपाशी बसा. गावापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर कोणता झरा बारमाही आहे, विसाव्याला कोणती जागा चांगली, आणि कोठे मुळीच थांबायचे नाही, हे त्यांना विचारा. मग वहीत लिहा. शेवटी एक फळी घ्या, तीवर मोठ्या अक्षरांत लिहा, 'येथे थांबू नका. दरड पडते.' ती फळी त्या वळणाच्या अलीकडे रोवा, अगदी कड्याखाली नको. खाली आपल्या पावरी किंवा भिलोरी बोलीतही तेच लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. वाचणारा त्याला नावे ठेवणार नाही. तो चार पावले पुढे जाऊन बसेल, एवढे पुरे.

प्रश्न

१. घट्ट काळा कातळ, जाळीदार दगड आणि लाल माती हे तीन थर कसे तयार झाले?

२. डोंगराची जुनी वाट आडवी का जाते?

३. झरा आणि दरड एकाच जागी का आढळतात?

४. बाबांनी झऱ्याचे पाणी पाहून काय ओळखले?

५. शेतातल्या काळ्या भिंतीचा विहिरीशी काय संबंध आहे?

६. नर्मदेकाठच्या जुन्या वाटांचे काय झाले?

करून पाहा

घाटात डोंगर कापलेला असेल तिथे, पाऊस नसताना, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहा. किती थर दिसतात ते मोजा. लाल पट्टा दिसला तर त्याच्या वर ओल आहे का, ते पाहा. घरी येऊन पाच ओळी लिहा आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा.